पेशीतील मांडव



वसंत व्याख्यानमालेत पेशीतील प्रथिनांवर व्याख्यान ठेवणे हे चालकांचे धाडस आणि अशा उकाड्यात ते ऐकावयास येणे हे आपले. या दोन धाडसांपुढे आमचे बोलण्याचे धाडस अगदीच किरकोळ आहे. पत्रिकेवरील विषय वाचून हा वैद्यकीच्या विद्यार्थ्यांचा मामला आहे असे काहींना वाटले असेल. पण ज्याच्या घरी कर्करोगाचे औषध घेणारे माणूस आहे, ज्याच्या घरी विसरू लागलेले आजोबा आहेत, किंवा ज्याच्या अंगणात नुसती सदाफुली आहे, त्या प्रत्येकाचा हा विषय आहे. तो कसा, हे तासाभरात दाखविता आले तर आमचे काम झाले.

प्रथम आपण बसलो आहोत त्या या मांडवाकडे पाहावे. काही दिवसांपूर्वी येथे मोकळे मैदान होते. वासे आले, काथ्या आला, कनाती आल्या आणि मांडव उभा राहिला. व्याख्यानमाला संपली की तो उतरेल आणि हेच वासे दुसऱ्या दिवशी एखाद्या लग्नघरी उभे राहतील. मांडवाचे मोल तो उभा राहण्यात जितके आहे तितकेच तो वेळेवर उतरण्यातही आहे. लग्न होऊन गेल्यावर दारात वर्षभर राहिलेला मांडव ही शोभा राहत नाही, अडचण होते. एवढे ध्यानात ठेवले की आम्हांस जे सांगावयाचे आहे त्यातले अर्धे सांगून झाले.

आता या मांडवातून पेशीत जाऊ. आपले शरीर सुमारे ३० लक्ष कोटी पेशींचे बनलेले आहे. शाळेत आपण पेशीचे चित्र काढले ते एका वर्तुळाचे: मध्ये केंद्रकाचा ठिपका आणि भोवती पेशीरस. त्या चित्रामुळे आपला असा समज झाला की, पेशी म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी. प्रत्यक्षात त्या पिशवीत खांब आहेत, आढी आहेत आणि रस्ते आहेत. त्यांपैकी सर्वांत जाड आणि ताठ म्हणजे सूक्ष्मनलिका. जाड हा शब्द जपून घ्यावयाचा. एका नलिकेचा व्यास २५ नॅनोमीटर असतो आणि नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षावा भाग. डोक्याच्या एका केसाच्या जाडीवर अशा तीन हजारांवर नलिका शेजारी शेजारी मांडता येतील.

ही नलिका ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाची बनते. त्याचे दोन प्रकार, आल्फा आणि बीटा, जोडीनेच वावरतात. एकेक जोडी ८ नॅनोमीटर लांबीची. जोडीमागे जोडी लागून पट्टी होते आणि अशा बहुधा १३ पट्ट्या गोलाकार उभ्या राहून पोकळ नळी तयार होते. हिशेब केला तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाइतक्या लांबीला सुमारे १,६०० जोड्या लागतात.

या नळ्या करतात काय? तीन कामे सांगतो. पेशीला आकार देण्यास त्या हातभार लावतात. पेशीतील मालाची ने-आण त्यांच्यावरून होते. आपल्या कण्याजवळच्या काही चेतापेशींचा तंतू थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, म्हणजे जवळजवळ एक मीटर, गेलेला असतो. त्या टोकाला लागणारा बहुतेक माल वरच्या पेशीतच तयार होतो आणि एकापुढे एक मांडलेल्या नळ्यांच्या रस्त्याने, वेगाने म्हटले तरी दिवसाला ४०० मिलिमीटरपर्यंत, असा खाली उतरतो. तिसरे काम सर्वांत नाजूक. पेशी दुभंगते तेव्हा तिच्या ४६ गुणसूत्रांच्या प्रतींची दोन पेशींत अचूक वाटणी करणारी चाती नळ्यांचीच बनते. चाती हा शब्द आम्ही आकारावरून वापरतो. मध्ये फुगीर आणि दोन्ही टोकांस निमुळती.

हे सारे माणसाला कळले कसे, यातही मौज आहे. १९५० नंतरच्या दशकात शिन्या इनौए या जपानी शास्त्रज्ञाने ध्रुवित प्रकाशाचा सूक्ष्मदर्शक सुधारून जिवंत पेशीतील चातीचे तंतू दाखविले. पेशी थंड केली की ते विरत आणि ऊब दिली की पुन्हा दिसू लागत. १९६३ साली पेशी टिकवून ठेवण्याची नवी रीत हाती आली आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या नळ्या जागोजाग दिसू लागल्या. सूक्ष्मनलिका हे नाव तेव्हाचेच. पण त्या कशाच्या बनल्या आहेत हे एका विषाने सांगितले.

ते विष आपल्या ओळखीचे आहे. पावसाळ्यात कुंपणावर आणि रानात ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुले घेऊन चढणारी कळलावी आपण पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत कोल्चिसिन नावाचे द्रव्य आहे. युरोपात तेच द्रव्य कोल्चिकम नावाच्या दुसऱ्या एका फुलझाडात सापडते आणि सांधे सुजविणाऱ्या गाउटच्या विकारावर ते फार जुन्या काळापासून देत आले आहेत. कोल्चिसिन दिले की पेशीची चाती बनत नाही. गुणसूत्रे तयार होऊन उभी, पण त्यांना ओढणारे कोणी नाही! १९५६ साली त्यो आणि लेव्हान यांनी याच युक्तीने गुणसूत्रे मोकळी, सुटी मांडून मोजली आणि माणसाची गुणसूत्रे ४८ आहेत हा समज खोडून ४६ हा आकडा कायम केला. पुढे १९६७ साली गॅरी बोरिसी आणि एडविन टेलर यांनी कोल्चिसिन पेशीतील नेमक्या कोणत्या प्रथिनाला चिकटते ते शोधून काढले. ते प्रथिन म्हणजेच ट्युब्युलिन.

१९७२ साली रिचर्ड वायझेनबर्ग यांनी मेंदूच्या अर्कातील कॅल्शियम बांधून टाकले, ऊब दिली, आणि परीक्षानळीत नलिका आपोआप जुळून आल्या. या प्रयोगाने मोठा आनंद झाला, पण त्याबरोबर मोठा प्रश्नही पुढे आला. वासे जर आपले आपण उभे राहतात, तर मांडव भलत्याच जागी, भलत्याच वेळी का उभा राहत नाही? रस्त्याच्या मधोमध का नाही?

उत्तराचा पहिला भाग असा की, नळी वाढविणे सोपे पण सुरू करणे कठीण. दोन-चार जोड्या एकत्र येतात आणि लगेच सुटतात. पुरेशा जोड्यांचा गोल जमल्याशिवाय पुढच्या जोडीला टेकावयास जागा नाही. गोकुळाष्टमीला हंडी फोडणारी पोरे आठवा. खांद्यांत खांदे गुंतवून खालचा थर गोल उभा राहिला की वरचे थर चढू शकतात. तो थर नसेल तर कितीही पोरे जमली तरी मनोरा होत नाही. पेशीत हा खालचा थर देणारे प्रथिन निराळे आहे. १९८९ साली एलिझाबेथ आणि बर्ल ओकली यांना एका बुरशीत ट्युब्युलिनचा तिसरा भाऊ सापडला, त्याचे नाव गॅमा. तो नळीच्या भिंतीत जात नाही. १९९५ साली असे दिसून आले की, गॅमा-ट्युब्युलिन इतर प्रथिनांच्या साहाय्याने कड्यासारखी रचना करते आणि त्या कड्यावर नळी उभी राहते. ही कडी बहुतांशी पेशीच्या केंद्रकाजवळील ताराकायात दाटलेली असतात. म्हणून तेथून नळ्या सूर्याच्या किरणांसारख्या फाकतात. २०२० साली या कड्याची अणुरेणूंपर्यंतची रचना दिसली तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. नुसते कडे नळीच्या मापापेक्षा थोडे उघडे, वाकडे असते. ते मापात बसले की काम चांगले होते, आणि त्याला चेतविणारी प्रथिने वेगळी आहेत. म्हणजे पाया घातलेला आहे, पण परवानगी मिळाल्याखेरीज त्यावर बांधकाम नाही.

उत्तराचा दुसरा भाग नळीच्या स्वभावात आहे. १९८४ साली टिम मिचिसन आणि मार्क कर्शनर यांनी दाखविले की, एकाच वेळी, एकाच जागी काही नळ्या वाढत असतात आणि शेजारच्याच काही कोसळत असतात. स्थिर अशी कोणी नसते. याचे कारण असे. प्रत्येक जोडी येताना जी-टी-पी नावाचे शक्तिद्रव्य घेऊन येते आणि नळीत बसल्यावर थोड्या वेळाने ते खर्ची पडते. खर्च झालेली जोडी बाहेर वाकू पाहते. पण टोकाला ताज्या जोड्यांचा काठ आहे तोवर ती दाबून राहते. बुरडाने विणलेल्या टोपलीचा काठ सुटला की कांब्या कशा बाहेर वळतात, तसे नळीच्या टोकाचा ताजा काठ संपला की तिच्या पट्ट्या उलगडतात आणि पाहता पाहता नळी नाहीशी होते. मोकळ्या झालेल्या जोड्या नवे जी-टी-पी घेऊन दुसरीकडे कामाला लागतात. साध्या प्राणिपेशीत बऱ्याचशा नळ्यांचे आयुष्य काही मिनिटांचे असते आणि पेशी दुभंगताना चातीतल्या अनेक नळ्या तर मिनिटभरही टिकत नाहीत.

आपल्याला वाटेल, केवढी ही उधळपट्टी! पण विचार करा. गुणसूत्रे पेशीत कोठे आहेत हे नळीला आधी ठाऊक नसते. ती एका दिशेस वाढते, काही न सापडले तर मोडते, दुसरी नळी दुसऱ्या दिशेस निघते. ज्या नळीच्या टोकाला गुणसूत्र लागले ती टिकते. अंधारात हात फिरवून दाराची कडी शोधावी तसा हा शोध आहे आणि हात मागे घेता आला नाही तर शोधही घेता येत नाही.

या वाढण्या-मोडण्यावर अंमल चालविणारी प्रथिने पुष्कळ आहेत. त्यांपैकी काहींची ओळख करून देतो. १९८७ साली बेडकाच्या अंड्यात एक प्रथिन सापडले. त्याचे नाव एक्स-मॅप-२१५. ते नळीच्या टोकावर बसून जोड्या भराभर पुरविते आणि वाढ कित्येक पटींनी वेगवान करते. स्टॅथमिन नावाचे प्रथिन याच्या उलट वागते. ते दोन दोन जोड्या काखोटीला मारून बसते, म्हणजे बांधकामाला माल कमी पडतो. किनेसिन-१३ या घराण्यातील प्रथिने टोकाच्या जोड्या वाकवून सोलून काढतात. १९९३ साली हाती आलेल्या एका प्रथिनाला तर कॅटॅनिन असे नाव दिले, जपानी तलवार कटाना हिच्यावरून. कारण ते नळीला मधूनच छाटते. ऑग्मिन उभ्या नळीच्या अंगावर गॅमा-ट्युब्युलिनचे कडे आणून बसविते आणि फांदीला फांदी फुटावी तशी नवी नळी निघते.

आणि मांडव योग्य जागीच का पडतो? चातीपुरते त्याचे उत्तर मोठे सुंदर आहे. नळी सुरू करण्यास मदत करणारी टी-पी-एक्स-२ सारखी प्रथिने एरवी दुसऱ्या प्रथिनाच्या मिठीत बंदिस्त असतात. रॅन नावाचे एक लहान प्रथिन जी-टी-पी धारण करते तेव्हा ती मिठी सुटते. रॅनला तसे सज्ज करणारे प्रथिन गुणसूत्रांवरच बसलेले असते. तेव्हा जेथे गुणसूत्रे आहेत तेथेच बंदी सुटतात आणि तेथेच नळ्या दाट उगवतात. लग्नघरानेच मांडववाल्यास निरोप धाडावा तशी ही व्यवस्था आहे. मात्र आमचा दृष्टांत येथे थोडा अपुरा पडतो. मांडवाला कंत्राटदार असतो, नकाशा असतो. पेशीत नकाशा घेऊन उभा असलेला कोणी नाही. प्रत्येक प्रथिन आपल्या शेजाऱ्याशी गाठ पडल्यावर जे करावयाचे ते करते आणि त्या सर्वांच्या करण्यातून व्यवस्था होते.

आता अंगणातल्या सदाफुलीकडे वळू. १९५० नंतरच्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमेकाहून तिची पाने आली. तेथले लोक मधुमेहावर तिचा काढा घेत. प्राण्यांना पाजून पाहिले, रक्तातील साखर काही उतरेना. अर्क टोचून दिला तेव्हा मात्र उंदरांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी घटल्या. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्या धाग्याने जाऊन १९५८ साली व्हिनब्लास्टीन हे द्रव्य जगापुढे ठेवले. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झाले आणि लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर इतर औषधांच्या जोडीने ते आजही देतात. ही द्रव्ये ट्युब्युलिनला धरून नळ्या जमू देत नाहीत. चाती मोडते आणि भराभर दुभंगणारी रोगी पेशी अर्ध्यावर अडून मरते.

दुसरे झाड अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे, पॅसिफिक यू. १९६२ साली त्याची साल तपासणीसाठी गोळा केली गेली. तिच्यातील द्रव्य वेगळे काढून त्याची रचना १९७१ साली प्रसिद्ध करणाऱ्यांत मनरो वॉल यांच्याबरोबर मनसुख वाणी यांचे नाव आहे. हे वाणी १९२५ साली आपल्या नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले आणि पुढे अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात काम करीत राहिले. २०२० साली ते वारले. खानदेशातल्या मुलाचे हे काम आपल्याकडे जितके माहीत असावयास हवे तितके नाही, म्हणून मुद्दाम सांगितले. त्यांनी शोधलेले द्रव्य टॅक्सॉल, म्हणजे आजचे पॅक्लिटॅक्सेल. तेही चातीचे विष असणार हे कळत होते. पण १९७९ साली सुझन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिले ते उफराटेच. टॅक्सॉल नळ्या मोडत नाही. ते नळ्या जुळविते आणि त्यांना मोडूच देत नाही. तरीही पेशी मरतेच!

श्रोतेहो, आजच्या व्याख्यानाचे सार येथे आहे. सदाफुलीचे औषध मांडव उभारू देत नाही, यूचे औषध मांडव उतरू देत नाही, आणि दोहोंचा शेवट एकच. पेशीचे जीवन नळ्या असण्यावर जितके अवलंबून आहे तितकेच त्या वेळेवर मोडण्यावर. १९९२ साली अमेरिकेत टॅक्सॉल बीजकोशाच्या कर्करोगावर मंजूर झाले, नंतर स्तनाच्या कर्करोगावरही. आज आपल्या गावोगावच्या रुग्णांना ते मिळते.

हे औषध घेणाऱ्यांचे केस गळतात, कारण केसांच्या मुळातील पेशीही भराभर दुभंगतात. याची कल्पना घरच्यांना असते. पण हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, सदऱ्याची गुंडी लागेना, पायातली चप्पल निसटलेली कळेना, की घरची माणसे घाबरतात. रोग पायात उतरला असे त्यांना वाटते. चेतापेशी दुभंगत नसल्या तरी त्यांच्या मीटरभर लांब तंतूतून माल जातो तो याच नळ्यांवरून. तो रस्ता बिघडला की सर्वांत लांबचे टोक, म्हणजे पाऊल आणि बोटे, आधी कुरकुरते. पुष्कळ रुग्ण, विशेषतः बायका, हे सोसतात आणि बोलत नाहीत. आमची विनंती आहे की बोलावे. डॉक्टरांना वेळीच कळले तर औषधाचे प्रमाण किंवा वेळापत्रक बदलता येते. उशीर झाला तर बधिरपणा मागे राहू शकतो.

विसरू लागलेल्या आजोबांचे राहिले. १९७५ साली कर्शनर यांच्याच प्रयोगशाळेत नळ्या जमण्यास मदत करणारे टाउ नावाचे प्रथिन मिळाले. ते चेतापेशींत विपुल असते. १९०६ साली आलॉइस अल्झायमर यांनी ज्या रोगाचे वर्णन केले त्यात मेंदूच्या पेशींमध्ये तंतूंच्या गाठी आढळतात. १९८० नंतरच्या दशकात असे कळले की, त्या गाठी टाउच्या आहेत. टाउवर फॉस्फेटचा भार जादा झाला की ते नळीवरून सुटते आणि एकमेकांत गुंतते. सुटलेला काथ्या वाशाच्या उपयोगी पडत नाही आणि वाटेत पायात मात्र येतो, तसेच हे.

जाता जाता एक इशारा. सदाफुलीची पाने मधुमेहावर रोज सकाळी चावावी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. नोबल यांच्या प्रयोगात साखर उतरली नाही हे आपण ऐकलेच. आणि औषध सदाफुलीपासून होते म्हणून पान म्हणजे औषध, हा हिशेब चुकीचा आहे. पानात द्रव्य किती हे चावणाऱ्याला कळत नाही. कळलावीची गणना तर आयुर्वेदानेच उपविषांत केली आहे. तिचा कंद पोटात जाऊन माणसे दगावली आहेत. ज्या नळ्या रोगी पेशीत मोडावयाच्या त्याच निरोगी पेशीतही आहेत. ते विष ओळखून, मोजून, वेळ पाहून देणारा हात मध्ये असावा लागतो.

पेशीतील प्रथिनेही तेच तर करतात: कोठे, केव्हा आणि किती, एवढेच पाहतात.